भेटेल

दुकान आमचं बेलापुरात, दिवाळे गावाकडे वळताना उजव्या हाताला.
फ्लेक्स, व्हिनाईल, लग्नपत्रिका, तातडीचे शिक्के.
जयदास मशीनवर असतो, मी खुर्चीवर.
त्याआधी एकवीस वर्षं छापखान्यात मुद्रितं तपासली.
छापखाना मिटला,
लाल पेनाची सवय मिटली नाही.

मजकूर आता फोनवर येतो.
चिरंजीव येतो तो चीरंजीव होऊन,
आशीर्वादातला रफार
एक थांबा आधीच बसमधून उतरलेला.
मी त्याला हाताला धरून पुढे नेऊन बसवतो.
कुणाला कळत नाही. बिल चौरस फुटाचं असतं,
वेलांट्यांचं नसतं.

मागच्या मार्चमध्ये एक पोरगा आला,
'जागतिक महिला दीन', दहा बाय सहा.
म्हटलं, बाबा रे, दीन म्हणजे बिचारी, गरीब, केविलवाणी.
दिवस हवा असेल तर पहिली वेलांटी.
तो स्क्रीनकडे बघत राहिला. म्हणाला,
दुसरीच राहू दे काका, भरलेली दिसते.

माझ्याही हातून एकदा घडलं, लपवत नाही.
'समस्त ग्रामस्थांना दिवाळ्याच्या हार्दिक शुभेच्छा',
चौकात, आठ बाय चार, सलग दोन दिवस.
गावाचं नावच डोक्यात घोळत होतं, बोटांनी तेच टाइप केलं.
अख्ख्या गावात एकट्या पतपेढीच्या कॅशियरनं वाचलं,
आणि तोही हसला नाही.

पण हे सगळं मी पोटात घालतो.
घालता येत नाही ते एकच: भेटलं.
पेन भेटला, सुट्टी भेटली, रिक्षा भेटली,
परवा कुणाला तरी डिस्काउंट भेटला.
माणसं भेटतात हो. वस्तू मिळतात.
घरी ऋजुता म्हणायची, बाबा, पाणी भेटेल का?
मी म्हणायचो, भेटेल की, ये, ओळख करून देतो.
हळूहळू ती पाणी स्वतःच घ्यायला लागली.

तर धाकलीबाई आल्या.
टोपली बाहेर ठेवली, चपला टोपलीशेजारी,
नातवाच्या वहीचं पान पुढं केलं:
ताजा म्हावरा भेटेल.
तीन बाय दोन, निळ्यावर पिवळं.
माझ्या हातानं, मला न विचारता, टाइप केलं:
ताजी मासळी मिळेल.

'वाच,' त्या म्हणाल्या. 'मना नाय येत.'
मी वाचलं.
'मिलंल? मिलंल कुनी सांगला तुला?'
मी तोंड उघडलं, नियम जिभेवर आलाच होता.
'पगार मिलतो. रेशन मिलतो. म्हावरा भेटतं.
घोव रातीचा खारीन जातो,
कवा भेटतं, कवा चार-चार दिस नाय भेटत.
मिलंल कसा बोलू?
माजा काय हक हाय त्याच्याव?'

जयदासनं मशीन थांबवलं होतं. त्याचे आजोबाही होडीवर होते,
हे मला इतक्या वर्षांत माहीत नव्हतं.
लाल पेन खिशात होतं, खिशातच राहिलं.
मी बॅकस्पेस दाबली. मिळेल गेलं, मासळी गेली,
ताजीसुद्धा गेली.
'आता वाच.'
वाचलं.
'हां,' म्हणाल्या, आणि पन्नास रुपये कमी दिले.

बोर्ड जेट्टीच्या वळणावर लागलाय, खांबाला तारेनं बांधून.
रविवारी पिशवी घेऊन गेलो.
टोपली पालथी होती, बाई तिच्यावर बसलेल्या.
मी काही विचारायच्या आधीच हात हलवला:
नाय भेटला.

घरी ऋजुतानं दार उघडलं.
शब्द जपून ठेवत, काचेचे पेले ठेवावेत तसे,
तिनं विचारलं,
मिळाली का मासळी?
म्हटलं, नाही गं. भेटली नाही.

तिनं माझ्याकडे पाहिलं,
मी एकवीस वर्षं
कागदाकडे पाहायचो तसं.